चारशे बारा नंबरचे दोन पास

आमच्या जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात नंबराचं मशीन आलं त्या दिवशी रेंजरसाहेबांनी नारळ फोडला. वडशाच्या स्टेशनवरून पेटी आणायला बैलगाडी पाठवली होती, गाडीबरोबर दोन गार्ड दिले होते, आणि एवढ्या लवाजम्यानं आणलेल्या पेटीतून निघालं काय, तर मुठीत मावेल असं एक काळं लोखंडी खेळणं. साहेबांनी पेटीतला पेंढा दोनदा उपसून पाहिला. आणखी काही नव्हतं.

पण त्या खेळण्यात करामत होती. वरचा दांडा दाबला की कागदावर नंबर उमटायचा आणि दांडा सोडला की आतली चाकं फिरून पुढचा नंबर आपोआप तयार व्हायचा. माणसानं नुसतं दाबायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सव्वीस कोरे कागद दाबून खराब केले आणि सव्विसाव्या कागदावर खरोखरच सव्वीस आलेलं पाहून माझ्याकडे असं बघितलं, जणू इतके दिवस मी सव्विसाच्या जागी भलतंच काही लिहीत होतो.

ही गोष्ट चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची. मी त्या ऑफिसचा एकुलता एक कारकून. नागपुराकडचा, मॅट्रिक झालेला, वय तेवीस, अंगात कोट, आणि जंगलाची माहिती एवढीच की त्यात झाडं असतात. माझं काम पास लिहिण्याचं. जंगलातून लाकूड, बांबू, बल्ल्या म्हणजे सरळ वासे, काहीही बाहेर न्यायचं तर ऑफिसचा पास लागायचा. पासावर नाव, गाव, माल आणि नंबर. पुढे सडकेवर नाका होता. तिथला नाकेदार पास बघायचा, नंबर आपल्या वहीत उतरवायचा आणि सडकेवरचा आडवा बांबू वर उचलायचा. एक नंबर, एक गाडी. सगळा कारभार या एका गोष्टीवर चालायचा.

मशीन आल्यावर साहेबांनी मला एक वाक्य पाठ करून घेतलं. कोणी पासाबद्दल तक्रार केली की म्हणायचं, "मशीन चुकत नाही." हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा म्हटलं की एकदा जेवताना मीठ जास्त झालंय अशी तक्रार खाणावळीच्या बाईंकडे केली, तेव्हा त्यांनीच मला ते ऐकवलं.

आता माझ्या दोन सवयी सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

पहिली सवय आळसाची. ऑफिसात पासांचं रजिस्टर असे. पास दिला की त्याचा नंबर रजिस्टरात लिहायचा, असा नियम. मी काय करायचो, तर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचे नंबर पानाच्या कडेला ओळीनं लिहून ठेवायचो. सकाळी फक्त नावं भरायची. मशीन चुकत नाही म्हटल्यावर पुढचा नंबर कोणता येणार हे आधीच ठाऊक, मग वाट कशाला पाहायची?

दुसरी सवय तेलाची. मशीनबरोबर एक छापील कागद आला होता, त्यात अमुक जातीचं बारीक तेल महिन्यातून एकदा घालावं असं लिहिलं होतं. त्या तेलाची मागणी आम्ही वर पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की मागणी विहित नमुन्यात नाही. विहित नमुना कोणता हे विचारणारं पत्र पाठवलं, त्याचं उत्तर मी तिथून बदलून गेलो तरी आलं नव्हतं. इकडे चाकं कुरकुरायला लागली. मग मी खाणावळीतून मोहाच्या बियांचं तेल आणलं. त्या भागात घरोघरी तेच. दिव्याला तेच, भाजीला तेच, फुटलेल्या टाचेला तेच. मशीनला का नको? चार थेंब सोडले आणि मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

थंडी सुरू झाली तशी एक बारीकशी गंमत होऊ लागली. सकाळी कधी कधी मशीन रजिस्टराच्या एक घर मागे दिसायचं. रजिस्टरात पुढची ओळ पन्नासची, मशीनच्या तोंडावर एकोणपन्नास. मला वाटायचं, माझ्याकडूनच रजिस्टरात काही पुढेमागे झालं असेल. मी काडेपेटीतली काडी घ्यायचो, चाक एक घर पुढे ढकलायचो आणि दोघांची जुळवाजुळव करून टाकायचो. साहेबांना कशाला सांगायचं? त्यांनी नारळ फोडला होता.

तर अशा एका पौषातल्या सकाळी दोन माणसं पासासाठी आली. पहिला एका ठेकेदाराचा गाडीवान. घाईत होता, पास घेतला आणि गेला. दुसरा जवळच्या गावचा शेतकरी, धानाच्या दोन बांध्या आणि एक बैलजोडी असलेला. त्याच्या गावाला दरवर्षी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळी नाटक व्हायचं आणि त्या नाटकात राजा हाच असायचा. उंच, छातीनं भरलेला, आणि आवाज असा की तो खासगीत बोलला तरी नाक्यापर्यंत जायचा. यंदाच्या नाटकाचा मांडव घालायला बल्ल्या आणि बांबू लागणार होते. ते न्यायला गावानं त्याला पाठवलं होतं.

मी दोन्ही पास दाबले, दोन्ही नावं रजिस्टरात भरली. पहिल्याच्या नावापुढे चारशे बारा. दुसऱ्याच्या नावापुढे चारशे तेरा.

ठेकेदाराचा माणूस तासाभरात नाका ओलांडून गेला. आमचे राजेसाहेब मात्र दमादमानं निघाले. वाटेत एका गावी थांबून कुणाच्या तरी व्याह्याची विचारपूस केली, दुसऱ्या गावी यंदाच्या नाटकातली दोन गाणी म्हणून दाखवली, आणि ऊन कलल्यावर नाक्यावर पोचले. नाकेदारानं पास पाहिला. चारशे बारा. वही पाहिली. चारशे बारा सकाळीच गेला होता. त्यानं बांबू वर उचलला नाही.

माणूस, गाडी, बैल, बल्ल्या, सगळं परत आमच्या ऑफिसात आलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं. या माणसाच्या नावापुढे स्वच्छ चारशे तेरा लिहिलेलं, माझ्या अक्षरात. आणि याच्या हातातल्या पासावर चारशे बारा.

"तेरा नंबरचा पास कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"हाच तं हाय साहेब. मले बाबूजीनं हाच देल्ला."

"हा बाराचा आहे."

"मले का माहीत साहेब? मले वाचता येत नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

मग साहेबांचं डोकं चालायला लागलं, आणि त्यांचं डोकं चालायला लागलं की सगळ्यांनी जपून राहावं असं ते होतं. त्यांनी ताडलं ते असं: या माणसानं तेरा नंबरचा खरा पास कुणाला तरी दिला आणि बाराची नक्कल करून स्वतः निघाला. पण शिक्का कुठून आणला? झडती घ्यायला दोन गार्ड त्याच्या घरी गेले. तिथे त्यांना पटाशी सापडली, लाल-काळा रंग सापडला, आणि सागाच्या फळीतून अर्धवट कोरलेला मुकुट सापडला. नाटकातले मुकुट आणि तलवारी तोच करायचा. झालं. जो मुकुट कोरतो तो शिक्का कोरू शकत नाही का? साहेबांनी मुकुटही पुराव्यात जमा केला.

खटला तालुक्याच्या गावी तहसीलदारसाहेबांपुढे चालला. त्या काळी तहसीलदारच मॅजिस्ट्रेट. नाव विचारल्यावर आरोपीनं आपलं नाव अशा खणखणीत आवाजात सांगितलं की बाहेर पानाच्या टपरीवर बसलेला शिपाई धावत आत आला. "मी चोरी नाई केलो साहेब," तो म्हणाला, "मी नाटकात राजा होतो, लोकाईले न्याय देतो. मी लबाडी करन का?" कोर्टात हशा पिकला. मीही हसलो.

मग मला पिंजऱ्यात बोलावलं. मशीन टेबलावर ठेवलं होतं, खिडकीतून ऊन त्यावर पडलं होतं, बाराचा सुमार होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला विचारलं, हे मशीन कधी चुकतं का?

काडेपेटीतली काडी मला नेमकी तेव्हा आठवली. खोटं कशाला बोलू? अगदी डोळ्यापुढे आली. थंडीतल्या सकाळी मी ती किती वेळा वापरली तेही आठवलं. आणि हेही दिसलं, की काडीचं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, हे तुम्ही साहेबांना कळवलं होतं का? आणि त्याच्या पुढचा प्रश्न, रजिस्टरात नंबर कधी लिहिता? माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी मनात म्हटलं, विचारलंय मशीनबद्दल, काडीबद्दल कोणी विचारलेलं नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मशीन चुकत नाही."

मॅजिस्ट्रेटसाहेब चौकस होते. त्यांनी मशीन पुढे ओढलं आणि स्वतः दाबून बघितलं. टक. पाचशे सहा. टक. पाचशे सात. मग त्यांना गोडी लागली. टक, टक, टक. वकिलांनी मान पुढे काढली, शिपाई पंजांवर उभा राहिला, कोर्टाच्या कागदावर पाचशे वीसपर्यंत नंबर उमटले आणि एकही चुकला नाही. शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नाइलाजानं हात मागे घेतला आणि कागद आरोपीपुढे धरला. "बघ. आता काय म्हणणं आहे तुझं?"

तो त्या कागदाकडे बघत राहिला. वाचता येत नसलं तरी सरळ ओळ सगळ्यांना समजते. नंतर तो बोलला तेव्हा मला आवाज ओळखू आला नाही, इतका तो लहान झाला होता.

"मशीन लबाड नाई बोलन साहेब. माह्याच हातून काई तरी झालं असन."

ही कबुली म्हणून लिहून घेतली गेली. एक महिना साधी कैद, गाडी आणि बैल सरकारजमा. त्याला वडशाहून छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याच्या तुरुंगात नेलं. बैल आमच्या ऑफिसच्या आवारात आले.

त्या बैलांनी मला छळलं. मारकुटे नव्हते, गरीब होते बिचारे. पण लिलाव होईपर्यंत त्यांना चारापाणी बघायचं काम माझ्याकडे लागलं, आणि मी कोट घालून पेंढी टाकायला गेलो की ते माझ्यामागे फाटकाकडे बघायचे. दुसरा कोणी येतो का म्हणून. गार्ड मला हसायचे. मी पेंढी टाकून पळायचो.

लिलावाच्या नोटिसा काढायचं कामही माझंच. गावोगाव लावायला आठ प्रती लिहिल्या. प्रत्येकीवर मशीनचा नंबर हवा, कारण साहेबांचा आता असा हुकूम होता की ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मशीनचा नंबर पाहिजे. सकाळची वेळ, बोटं गारठलेली. पहिली नोटीस दाबली, दुसरी दाबली, बाजूला ठेवली. तिसरी दाबताना सहज नजर गेली. पहिलीवर आणि दुसरीवर एकच नंबर होता.

आणि माझा हात, मला न विचारता, काडेपेटीकडे गेला होता.

मी काडी हातात धरून तसाच बसलो. चारशे बाराही असाच दोनदा उमटला असणार, आणि मी पास न बघता रजिस्टरातल्या तयार नंबरापुढे नाव भरलं होतं. मग वाटलं, चाकं कोरडी पडली असतील, तेल घालावं. तेलाची बाटली उचलली, बूच काढलं, उलटी केली. काही पडेना. झटकली, तरी पडेना. उजेडात धरून बघितली. मोहाचं तेल थंडीनं तुपासारखं थिजून बसलं होतं. मशीनच्या पोटात तेच तेल होतं. सकाळी चाकं त्यात रुतायची. ऊन वर आलं की तेल पातळ व्हायचं आणि मशीन पुन्हा सत्यवचनी. कोर्ट बाराला भरलं होतं.

मी साहेबांकडे गेलो आणि तेलाचं सांगितलं. काडीचं नाही सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं. "हळू बोला," ते म्हणाले. "मशीन आल्यापासून किती पास गेलेत माहीत आहे? ते सगळेच संशयाखाली आणायचेत का?" थोडा वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. आणि उद्या सकाळी तुम्ही मशीन घेऊन कुठे गेलात तर तेही मी बघितलेलं नाही." माझ्या नोकरीत कोणत्याही वरिष्ठानं दाखवलेलं एवढं धैर्य मी पुढे क्वचितच पाहिलं, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर. साहेब कानटोपी घालून, ब्लँकेट पांघरून शेगडीपाशी बसले होते. मला भीती, मशीन शेगडीजवळ गेलं तर संपलंच. मी ते ओसरीच्या पार टोकाला कठड्यावर ठेवलं आणि साहेबांना तिथे येण्याची विनंती केली. साहेब कुरकुरत ब्लँकेटसकट आले. दाबलं. पाचशे एकसष्ट. पुन्हा दाबलं. पाचशे एकसष्ट. तिसऱ्यांदा दाबताना त्यांचा चेहरा बघितला आणि मी खाली बघू लागलो. त्यांनी एकूण पाच वेळा दाबलं. कोर्टातली मजा आता त्यात नव्हती.

"मी त्याला कागद दाखवला," ते एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन लिहायला बसले.

त्यांनी त्याच दिवशी वर लिहिलं. लिलाव थांबला. वरून विचारणा आली, तिला उत्तर गेलं, उत्तरावर शेरा आला, शेऱ्याचा खुलासा गेला. अखेर हुकूम निघाला आणि आमच्या माणसाला मोठ्या सन्मानानं सोडण्यात आलं, महिना पुरा व्हायला एक दिवस बाकी असताना. हुकुमात तो निर्दोष आहे असं कुठे म्हटलं नव्हतं. कारवाई मागे घेण्यात येत आहे, एवढंच होतं.

बैल न्यायला तो ऑफिसात आला. बैलांनी त्याला फाटकातच ओळखलं. मी त्याला बाकावर बसवलं, मशीन दाखवलं, बाटली दाखवली, तेल कसं थिजतं ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे मी काई केलो नोयतो?"

"नाही."

"मी तं रोज आठवून पाहो बाबूजी. पास कुठी देल्लो, कोनाले देल्लो. आठवेच ना. वाटे, डोक्यातच काई बिघाड झाला." मग हळूच म्हणाला, "बायकोले मी निरोप धाडलो. का मीच केलो म्हून."

त्यानंच पुढे सांगितलं. काल तो घरी गेला, तर एक दिवस आधी आलेला पाहून लोक म्हणाले, तुरुंगात चांगला वागला असेल म्हणून सोडला. नाटक होऊन गेलं होतं. राजा दुसराच कुणी झाला होता आणि मुकुट पुठ्ठ्याचा केला होता. बायको त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढून गोठ्यात आणून ठेवलं आणि आत निघून गेली. तो गोठ्यातच झोपला.

"तुमी या बाबूजी," तो म्हणाला. "मशीन घिऊन या. सरकारनं कोर्टात दाबून दाखवलन नं, तसं गावात दाबून दाखवा."

मशीन सोमवारी चांद्याला तपासणीसाठी पाठवायचं होतं. रविवार मोकळा होता. मी कबूल केलं.

रविवारी पहाटेच त्याची गाडी न्यायला आली. थंडी अशी की बैलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मशीन म्हणजे सरकारी मालमत्ता, गाडीच्या धक्क्यानं पडलं तर काय घ्या, म्हणून मी ते मफलरात गुंडाळलं आणि कोटाच्या आत पोटाशी घट्ट धरलं. तीन कोस तसंच धरून बसलो.

गावात पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. सगळ्यांनी सूर्य उगवायच्या आत पाटलाच्या आवारात जमावं असा निरोप आदल्या दिवशीच दिला होता. पण आमच्या त्या भागात निरोपाला मान देण्याची पद्धत अशी की माणूस येतो नक्की, फक्त सगळं आटोपून येतो. कुणी ढोरं सोडून आलं, कुणी आंघोळ करून आलं, कुणी चहा पिऊन आलं आणि न प्यायलेल्याला घेऊन पुन्हा प्यायला गेलं. मी मशीन पोटाशी धरून बसलोच होतो. आवारात ऊन छान पसरलं तेव्हा सभा भरली.

मी तेलाचं सगळं समजावून सांगितलं. बाटली फिरवली. लोकांनी माना डोलावल्या. "आता बघा," मी म्हटलं, मशीन काढलं आणि कागदावर दाबलं. टक. सहाशे अकरा. पुन्हा दाबलं. सहाशे बारा. तेरा. चौदा. पंधरा. माझ्या पोटाच्या उबेनं आणि पाटलाच्या अंगणातल्या उन्हानं तेल वितळून गेलं होतं. मी दाबत राहिलो आणि ते निर्लज्ज मशीन एकेक नंबर बिनचूक मोजत राहिलं.

शाळेचा मास्तर नंबर मोठ्यानं वाचत होता. अठरापर्यंत त्यानं वाचले, मग तोही गप्प झाला. एक म्हातारा दयेनं म्हणाला, "जाऊ द्या बाबूजी. तुमी चांगले मानूस हा. त्याच्यासाठी एवढं कराले आले." दोघं-तिघं हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. बाबू भला आहे, गड्याची अब्रू झाकायला आला आहे, असं त्यांचं मत झालं होतं. तो माझ्याशेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि माझ्या लक्षात आलं, की याला पुन्हा वाटायला लागलंय, आपल्याच हातून काही झालं असेल.

बायांच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. त्याची बायको हे मला सांगावं लागलं नाही. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट धरला होता.

"बाबूजी, मशीन राहू द्या," ती म्हणाली. "मले तुमी सांगा. कोर्टात तुमाले मालूम होतं का नोयतं?"

तेलाचं नव्हतं मालूम, हे खरं होतं. तेवढंच सांगून सुटता आलं असतं. मी तोंड उघडलंही त्यासाठीच.

"होतं," मी म्हटलं. "तेलाचं नाही. पण मशीन मागे राहतं, हे मला माहीत होतं. थंडीत कितीतरी वेळा राहिलं होतं. मी काडीनं पुढे ढकलायचो आणि कुणाला सांगायचो नाही."

"मंग काऊन नाई बोलले?"

"भ्यालो, बाई. नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

आता कुणी हसलं नाही. म्हातारा दुसरीकडे बघू लागला. लाज वाटते म्हणजे काय, हे मी त्या अंगणात पुरतं शिकलो. कानांपासून पायांपर्यंत शिकलो. बाई माझ्याकडे बघत होती. तिला माझी दया आली नव्हती, आणि रागही मला दिसला नाही. बाजारात धान बघतात तशी ती मला बघत होती, खरं किती आणि पोकळ किती.

"हे खरं हाय," ती शेवटी म्हणाली, मला नाही, लोकांना. "मशीनचं मले काई समजत नाई. हा मानूस भेला होता, हे समजते."

मग ती नवऱ्याकडे वळली. महिनाभरात पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली असेल. "चाल घरी," ती म्हणाली, "जेवून घे." तो तिच्यामागे गेला, आणि लोकही बोलत बोलत पांगले.

मी मशीन मफलरात गुंडाळलं आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. त्या मुलखात दारी आलेल्याला जेवल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही, मग तो वसुलीला आलेला शिपाई का असेना. मला कोणी जेवायला थांब म्हटलं नाही. मी तीन कोस चालत परत आलो.